सर्टिफिकेट ठीक, पण दाराची फट बघा

'इंजिन नंबर सर्टिफिकेटशी जुळला म्हणजे गाडी अस्सल' हे वर कुणीतरी लिहिलंय, ते अर्धंच पटलं. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं हे सर्टिफिकेट इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून मिळतं. त्यात कारखान्यातल्याच नोंदी: मूळ रंग, बांधणीची तारीख वगैरे. पुढे कोणी काय कापलं-जोडलं, त्याचा त्यात पत्ता नसतो.

मी आधी दाराच्या फटी बघतो. रोडस्टरला, म्हणजे उघड्या मॉडेलला, पक्कं छप्पर नाही, बॉडीखाली वेगळी चासीही (सांगाडा) नाही. बराचसा भार दाराखालच्या सिलवर, म्हणजे तिथल्या पोकळ पत्र्याच्या पट्टीवर. माझ्या गाडीच्या आधीच्या मालकाने दाराच्या चौकटीला आधार न देताच गंजलेले सिल कापून घेतले होते. बॉडी मधोमध खचली, फट वरच्या बाजूला निमुळती झाली आणि दार मागच्या मडगार्डला घासून रंग खरवडायला लागलं. वरून चकचकीत लाल, आत ही गंमत! दोन्ही सिल पुन्हा कापावे लागले.