मदत हवी आहे: सायक्लिक स्ट्रेचनंतर (पुन्हा पुन्हा ताणून सोडल्यावर) एन्डोथेलियल पेशी (रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या) ताणाच्या दिशेशी 90 ऐवजी 60 अंशांवर का थांबतात?

नाळेच्या शिरेतल्या एन्डोथेलियल पेशी, चौथा पॅसेज (नव्या डिशमध्ये चौथ्यांदा वाढवलेल्या). सिलिकॉनची पट्टी 40 मिमी लांब, 20 मिमी रुंद. दोन्ही टोकं क्लॅम्पमध्ये, लांब कडा मोकळ्या. पट्टीला प्लाझ्मा (आयनित वायू, रक्तातला नव्हे) दिल्यावर लगेच फायब्रोनेक्टिन (पेशींना चिकटायला मदत करणारं प्रथिन), 10 मायक्रोग्रॅम प्रति मिली, 37 अंशांना 1 तास. मोटरवर 10 टक्के ताण, 1 हर्ट्झ (सेकंदाला एकदा), 12 तास. नंतर 4 टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये फिक्स करून (पेशी आहेत तशा गोठवून) फॅलॉइडिन, म्हणजे अ‍ॅक्टिनचे तंतू दाखवणारा रंग.

स्ट्रेस फायबर (पेशीतले अ‍ॅक्टिन तंतूंचे जुडगे) ताणाला काटकोनात यायला हवेत. पट्टीच्या मध्यावर मात्र 60 अंशांच्या आसपास दोन गट दिसतात, एक डावीकडे झुकलेला, एक उजवीकडे. कॉस 2θ ची सरासरी उणे 0.38 (θ म्हणजे ताणाच्या दिशेशी कोन; सगळे 90 वर असतील तर उणे 1, कशीही दिशा असेल तर 0). क्लॅम्पजवळ पेशी बऱ्यापैकी 90 अंशांवर आहेत. रो-कायनेज (फायबर आकुंचित ठेवणारं एन्झाइम) कमी पडतंय का? की पिएझो1 (ताण जाणवणारं पेशीपटलातलं चॅनेल)? असे चॅनेल रोखणारं गॅडोलिनियम टाकून बघावं का?

प्रतिसाद
पेशींना दोष देऊ नका, त्या अगदी बरोबर वागताहेत. रो-कायनेज बंद पडलं तर फायबर ताणाला समांतर वळतात, 60 वर थांबत नाहीत.

खरं कारण मोकळ्या कडा. पट्टी लांबीत ताणली की रुंदीत आकसते. ताणाच्या दिशेतला फायबर दर सेकंदाला ओढला जातो, तेवढ्या वेळात सैलावू शकत नाही आणि सुटत जातो. ज्या दिशेत लांबी जवळजवळ बदलत नाही तिथला टिकतो. कडा बांधलेल्या असतील तर ती दिशा 90 अंश. आकसणं असेल तर 90 वरचा फायबर दाबला जातो आणि न बदलणारी दिशा तिरकी होते: tan²θ म्हणजे लांबीतला ताण भागिले रुंदीतलं आकसणं. क्लॅम्प रुंदी धरून ठेवतो, म्हणून तिथे 90 दिसतात. तुमच्या निरीक्षणातला सगळ्यात मोलाचा धागा हाच.

मोटरवरचा आकडा धरू नका. पट्टीच्या मध्यावर बारीक ठिपक्यांचा चौकोन काढा, सैल आणि पूर्ण ताणलेल्या अवस्थेत फोटो घ्या, दोन्ही दिशांची लांबी मोजा. सुरुवातीला पट्टीत ढील असेल तर पहिला 1-2 टक्के त्यातच जातो.

आणखी एक प्रतिसाद
वरच्याशी सहमत. गॅडोलिनियमबद्दल सावध: मीडियममधल्या फॉस्फेट आणि बायकार्बोनेटशी ते जोडलं जाऊन साका बसतो. मग परिणाम दिसला नाही तरी चॅनेल निर्दोष ठरत नाही. पुढे चॅनेल तपासायचाच असेल तर जीएसएमटीएक्स-4 (कोळ्याच्या विषातलं, असे चॅनेल रोखणारं पेप्टाइड) घ्या.

कंट्रोल (तुलनेचा नमुना) काय ठेवलंय ते लिहिलं नाहीत. तशाच पट्टीवरच्या, त्याच इन्क्युबेटरमधल्या, न ताणलेल्या पेशी हव्यातच. शिवाय पट्टी न ताणता नुसतं मीडियम तेवढंच हलवणारा दुसरा कंट्रोलही हवा. धमनीत घेराच्या दिशेचा ताण आणि लांबीच्या दिशेचा प्रवाह, दोन्ही पेशींना एकाच दिशेला वळवतात. डिशमध्ये ते वेगळे केले नाहीत तर श्रेय कुणाला द्यायचं ते कळणार नाही.

धागाकर्ता
मोजलं. मोटर 10 म्हणते तेव्हा मध्यावर लांबीत 8.2 टक्के, रुंदीत 2.9 टक्के आकसणं. गुणोत्तर 2.83, कोन सुमारे 59 अंश! कंट्रोल फक्त पहिल्या प्रकारचा होता. कडा कशा बांधायच्या?

प्रतिसाद
पट्टीऐवजी जाड भिंतींची सिलिकॉन चौकट तळाच्या पातळ मेम्ब्रेनसह ओता, भिंती आकसणं बऱ्याच अंशी अडवतात. किंवा पट्टीच आखूड आणि रुंद करा, क्लॅम्पमधल्या लांबीच्या किमान दुप्पट रुंदी. ठिपके मात्र पुन्हा मोजा.

आणि सरासरीच्या एका आकड्यावर थांबू नका. उणे 0.38 हा आकडा विस्कळीत 90 चाही येतो आणि दोन गटांतल्या 60 चाही. कोनांचा हिस्टोग्राम द्या. यंत्र थांबल्यावर लगेच फिक्स करा. ताण थांबला की फायबरची मांडणी पुन्हा बदलू लागते.