घरच्या छोट्या वायनरीत वर्षभर काय काम असतं?

रंकाळ्याची पोरगी:
मी कोल्हापुरात असते. मामांची तासगावजवळ द्राक्षबाग आहे. सगळी खायची द्राक्षं, भाव पडला की बेदाणा. मामेभाऊ आता म्हणतोय, निम्मी बाग वाईनच्या द्राक्षांची करू आणि घरचीच छोटी वायनरी घालू. मामींचं म्हणणं, दोन महिने काम आणि दहा महिने टाक्या राखत बसायचं. खरंच असं असतं का? कुणी जवळून बघितलं असेल तर सांगा. आणि आपल्या जेवणाबरोबर वाईन जाते का?

पलूसची सून:
माझं माहेर शुक्रवार पेठ. सासरी बाग आणि लहानशी वायनरी आहे, टाक्यांचं काम माझ्याकडे. मामींना सांगा, राखत बसायला सवडच मिळत नाही. युरोपात थंडीत वेल पानं गाळून झोपते, तेवढ्या काळात तिथली माणसं आतली कामं उरकतात. आपल्याकडे वेल झोपत नाही. पीक एक, छाटण्या दोन. त्यामुळे बाग आणि टाक्या एकाच वेळी हाका मारतात, आणि घरात माणसं तेवढीच.

ऑक्टोबरात फळछाटणी. काड्यांना पेस्ट लावली की डोळे फुटतात आणि तिथून फुलोऱ्यापर्यंत दावण्या या बुरशीच्या रोगाची धास्ती. परतीचा पाऊस लांबला तर रात्री पत्र्यावर थेंब वाजले तरी सासरे उठून बसतात. सकाळी फवारणीला ट्रॅक्टर बागेत शिरेल का, एवढंच त्यांच्या डोक्यात असतं.

मामेभावाला एक गोष्ट आधी पटायला हवी. खायच्या द्राक्षात आपण मणी फुगवायला जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड हे संजीवक, वापरतो. वाईनला मणी बारीकच हवा, कारण लाल वाईनचा रंग आणि बराचसा वास सालीतून येतो आणि बारीक मण्यात रसाच्या मानानं साल जास्त असते. थॉमसन किंवा सोनाका या खायच्या जातींच्या रसाला तसा वास नाही. लाल वाईनची शिराज, पांढरीच्या शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ या जातींची बाग वेगळीच उभी करावी लागते, आणि नीट पीक हाती यायला दोन-तीन वर्षं जातात.

तोडणी जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत. खायचं द्राक्ष 18 ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) आसपास निघतं, आम्ही 22 ते 24 पर्यंत थांबतो. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. ऊन तापलं की साखर भराभर चढते आणि आंबटपणा उतरतो. म्हणून मी रोज बागेतून फिरते, मणी चावते, बी हिरवी आहे की तपकिरी झाली ते बघते. घड पहाटे बॅटरीच्या उजेडात तोडतो, कारण गार माल आत आला की चिलरवरचा भार कमी होतो. पांढऱ्या वाईनला रस लगेच दाबून सालीवेगळा करतो आणि 15 अंशांच्या आसपास आंबवतो. लाल मात्र सालीसकट, 25 च्या आसपास. साली वर येऊन जाड थर धरतात, तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबायचा. कंटाळा केला तर थर सुकतो आणि व्हिनेगरचा वास धरतो. त्या दिवसांत आमच्या जेवणाच्या वेळा टाक्यांवर ठरतात.

हे आवरतंय न आवरतंय तोवर एप्रिल, म्हणजे खरडछाटणी. ती पुढं ढकलता येत नाही, कारण या छाटणीनंतरच्या फुटीतच पुढच्या हंगामाचे घड काडीच्या डोळ्यात तयार होतात. नेमकं तेव्हाच आत गाळावरची वाईन काढून दुसऱ्या टाकीत घ्यायची असते. बाहेर चाळिशीचं ऊन आणि वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. जनरेटरचा खर्च आधी धरा, मग टाक्यांचा.

पावसाळा माझा सगळ्यात आवडता. टाक्या काठोकाठ भरलेल्या ठेवायच्या, वाईन टिकवायला घातलेलं सल्फाइट तपासायचं, वाईन चाखायची. मार्चमध्ये तोंड आवळणारी शिराज ऑगस्टपर्यंत मऊ होत जाते, आणि ते दर आठवड्याला जिभेवर कळतं. त्यासाठी मी बाकी सगळं सोसायला तयार आहे.

मिरजेचा बागायतदार:
ताईंनी बरोबर लिहिलंय, पण विक्रीचं कोण बोलणार? 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर पलूसला वाईन पार्क, म्हणजे वायनऱ्यांसाठीची औद्योगिक वसाहत, झालं, लोकांनी हौसेनं वाईनच्या बागा लावल्या. 2008 नंतर मागणी घसरली तेव्हा कितीतरी जणांनी वेली उपटल्या. वाईनचं द्राक्ष बाजारात खायला खपत नाही. बेदाण्याची वाट मोडू नका.

पलूसची सून:
दादा, मान्य. म्हणूनच निम्मी बाग नको, थोडी लावा. एक टन द्राक्षातून साधारण 600 ते 700 लिटर वाईन निघते. म्हणजे आठ-नऊशे बाटल्या, आणि त्या विकायला स्वतः फिरावं लागतं. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय तर बरणीतसुद्धा करून बघू नका, गुन्हा आहे तो.

रंकाळ्याची पोरगी:
खूप आभार ताई! आणि तांबड्या रश्श्याबरोबर काय घ्यायचं?

पलूसची सून:
तांबड्याबरोबर जड लाल वाईन नको. तिचा तुरटपणा आणि अल्कोहोल तिखट आणखी पेटवतात. गार रोझे, म्हणजे गुलाबी वाईन, चालेल. पांढऱ्या रश्श्याबरोबर मात्र गार शेनिन घ्याच, नारळाचं दूध आणि खसखशीला तिचा आंबटपणा फार छान उठाव देतो. शिराज सुक्या मटणाबरोबर, तेही मिरची बेताची असेल तर. आणि उन्हाळ्यात लाल वाईनही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मग ओता. ती 16 ते 18 अंशांना चांगली लागते. मे महिन्यात कोल्हापुरातल्या कुठल्या खोलीत एवढा गारवा असतो?

मामा-मामींना घेऊन या. फेब्रुवारीत तोडणी दाखवते, पण निर्णय घ्यायच्या आधी एप्रिलमध्येही एक चक्कर मारा, दुपारची. मामेभावाला त्या दिवशी कात्री देते.