काँक्रीटचं ठिगळ
दक्षिण कोरियातलं बुल्गुक्सा हे बौद्ध मंदिर जुन्या फोटोत पडकं आणि आता एकदम चकाचक, म्हणजे सगळं नवीनच बांधलंय असं कुणीतरी म्हटलंय, ते लाकडी भागापुरतं बरंचसं खरंय पण दगडी पॅगोडे जुनेच आहेत हो. त्यापेक्षा तिकडच्याच इक्सान शहरातल्या मिरुक्सा मंदिराच्या दगडी पॅगोड्याचे फोटो बघा. १९१५ला, कोरियावर जपानचं राज्य असताना, जपान्यांनी ढासळलेल्या बाजूला चक्क काँक्रीट थापलं होतं, जुन्या फोटोत ते भलंमोठं ठिगळ दिसतं. २००१पासून एकेक दगड उतरवत गेले, त्यात २००९ला आत अस्थिकरंडक आणि सोन्याचा कोरीव पत्रा सापडला, त्यावरून बांधल्याचं साल कळलं, इ.स. ६३९! आता सहाच मजले ठेवलेत, वरचे अंदाजाने रचले नाहीत, हे मला फार आवडलं. शेजारचा नवाकोरा नऊ मजली मात्र अगदीच प्लास्टिकचा वाटतो.