मदत हवी आहे: वासितचा उमय्यद दिरहम, हिजरी ९७ की ९९?

उमय्यद खलिफांच्या काळातल्या एका चांदीच्या दिरहमच्या (नाण्याच्या) सालाबद्दल खात्री हवी आहे. कडेच्या कूफी (जुन्या कोनदार अरबी लिपीतल्या) लेखात टाकसाळ 'वासित' (इराकमधलं शहर) स्पष्ट आहे, पण साल अडलंय. या काळातल्या नाण्यांवर नुक्ते (अक्षरांचे ठिपके) नसतात, त्यामुळे 'सबअ' (७) आणि 'तिसअ' (९) जवळपास सारखेच दिसतात: दोन्हींत शेवटच्या 'ऐन' अक्षराच्या आधी चार दाते (छोट्या उभ्या रेघा). दशकातही तोच घोळ, सत्तर की नव्वद. मात्र वासित हे शहरच उमय्यद सुभेदार हज्जाजने हिजरी ८० नंतर वसवलं, म्हणजे सत्तर बाद.

उरले ९७ (इ.स. ७१५-१६) आणि ९९ (७१७-१८). फरक दोनच वर्षांचा, पण ९७ पूर्ण खलिफा सुलेमानच्या कारकिर्दीत येतं, तर ९९ च्या दुसऱ्याच महिन्यात तो वारला आणि उमर दुसरा गादीवर आला. आधीचा खलिफा अब्द अल-मलिक याच्या नाणे-सुधारणेनंतरच्या (दिरहमसाठी हिजरी ७९) या नाण्यांवर खलिफाचं नाव नसतं, म्हणून सगळी भिस्त सालावर.

उजवीकडून मोजता 'सबअ'मध्ये चौथा दाता उंच, 'तिसअ'मध्ये पहिला, हा नियम माहीत आहे. इथे नेमका पहिला दाता झिजलाय. चौथा बाकीच्यांपेक्षा किंचितच वर वाटतो. तेवढ्यावर ९७ म्हणणं धाडसाचं होईल.

वासितच्या या दोन सालांच्या नाण्यांत कडेच्या छोट्या वर्तुळांची संख्या किंवा मांडणी वेगळी असते का? वजनाचा उपयोग नाही. प्रमाण सुमारे २.९ ग्रॅम, पण कड कातरलेली आहे. दोन्ही सालांचे स्पष्ट फोटो कुणाकडे असतील तर कृपया टाका, शक्यतो तिरप्या उजेडातले.