वॉरंटीत बदलून दिलेली हार्ड डिस्क वापरलेली निघाली, चालवून घ्यायचं का?

ठाणेकर: ४ टीबीची हार्ड डिस्क वर्षाच्या आत कटकट आवाज करायला लागली. सर्व्हिस सेंटरला दिली, बदलून मिळाली, घरी येऊन बघतो तर लेबलवर बारीक अक्षरात 'रीसर्टिफाइड', म्हणजे कुणाची तरी परत आलेली, तपासून पुन्हा दिलेली. काउंटरवरचा मुलगा म्हणे पॉलिसीच आहे सर. अरे पण मी पैसे नव्याचे मोजले ना, जीएसटीसकट! वर वॉरंटीसुद्धा नवी नाही, जुनीची उरलेली तेवढीच. मला तरी ही सरळ फसवणूक वाटते, तुमचं काय मत?

सोल्डरगन: मत असं की वॉरंटी कार्ड आधी वाचायचं असतं. बहुतेक कंपन्या स्पष्ट लिहितात की बदली माल नवा किंवा दुरुस्त केलेला असू शकतो. परत आलेल्या कित्येक डिस्कमध्ये दोष सापडतच नाही, पॉवर सप्लाय नाहीतर केबलचा घोळ असतो, त्या तपासून परत पाठवतात. आणि तुम्ही तरी काय नवी दिली होती? वापरलेली दिली, वापरलेली मिळाली.

ठाणेकर: मी वापरलेली नाही, बिघडलेली दिली. नीट चालली असती तर दारात गेलोच नसतो त्यांच्या.

कोर्टकचेरी: ग्राहकाच्या केसेस बघते म्हणून सांगते, इथे दोन गोष्टींची गल्लत होतेय. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३९ प्रमाणे दोष सिद्ध झाला तर ग्राहक आयोग वस्तू दुरुस्त करून द्या, तशीच नवी द्या किंवा पैसे परत करा असा आदेश देऊ शकतो. 'नवी' हा शब्द कायद्यातच आहे. दुसरं, जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून खपवणं ही त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. पण ठाणेकर, तुमच्या डिस्कवर त्यांनी छापलंय, म्हणजे लपवलं नाहीये, त्यामुळे फसवणुकीचा मुद्दा लंगडा पडतो. वॉरंटीची अट एकतर्फी आहे यावर मात्र भांडता येईल.

सोल्डरगन: घ्या, आता एका डिस्कसाठी कोर्टात जा आणि वकिलाला डिस्कच्या तिप्पट फी द्या 😀

कोर्टकचेरी: वकील लागतोच असं नाही. ५ लाखांपर्यंत तक्रारीला शुल्क नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा, पुष्कळदा तिथेच मिटतं.

जर्सीसिटीवाला: इकडे अमेरिकेत याच मुद्द्यावर ॲपलवर खटला झाला होता, ॲपलकेअर ही जादा पैशांची वॉरंटी घेतलेल्यांना बदलीत रीफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त केलेले, फोन आयपॅड दिले म्हणून. चूक मान्य केली नाही पण ९.५ कोटी डॉलर देऊन मिटवलं. आयफोनचा मॉडेल नंबर एम ने सुरू झाला तर दुकानातला नवा, एन म्हणजे बदलीतला, एफ म्हणजे रीफर्बिश्ड. निदान कळतं तरी.

ठाणेकर: मी सॉफ्टवेअर टाकून बघितलं, पॉवर ऑन आवर्स, म्हणजे डिस्क एकूण किती तास चालू होती ते, जेमतेम २ दाखवतंय. म्हणजे फार वापरलेली नसावी ना?

एनएएसवाला: त्या २ तासांवर अजिबात जाऊ नका, तो आकडा शून्य करता येतो. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीच्या हाइझे या टेक साइटने बाहेर काढलं होतं, सर्व्हरमध्ये हजारो तास फिरलेल्या सीगेट कंपनीच्या डिस्क दुकानांतून नव्या म्हणून विकल्या जात होत्या, स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या वापराची ठेवते त्या नोंदीतले, आकडे पुसलेले. सीगेटने सांगितलं आम्ही त्या दुकानांना विकल्याच नाहीत. पकडल्या गेल्या कशा, तर सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची वापराची वेगळी नोंद (लॉग) असते, ती पुसायची राहिली होती. डिस्क तपासायच्या smartctl या प्रोग्रॅमच्या नव्या व्हर्जनमध्ये दिसते. तुमची दुसऱ्या कंपनीची असेल तर हा उपाय चालणार नाही.

सोल्डरगन: अहो तो चोरट्या बाजाराचा प्रकार, कंपनीच्या रीसर्टिफाइडशी काय संबंध? फॅक्टरीत दुरुस्त करून तपासली की आकडे शून्यापासून सुरू करतात, लेबल लावतात.

एनएएसवाला: संबंध हाच की आधी किती तास फिरली ते त्यांना माहीत असतं आणि ते सांगत नाहीत. सेकंडहँड गाडीवालासुद्धा किलोमीटर दाखवतो. द्या वापरलेली, पण तास छापा आणि वॉरंटी तरी पूर्ण द्या. तुमच्याकडे गिऱ्हाईक आलं तर तुम्ही दुरुस्त केलेला माल न सांगता द्याल का?

सोल्डरगन: मी सांगतो. माझं दुकान चौकात आहे, गिऱ्हाईक रोज समोरून जातं.

पुणेरी_मावशी: तुमचं चालू द्या, पण मला एक कळेना. ठाणेकरांची जुनी डिस्क पण आता कुणाला तरी रीसर्टिफाइड म्हणून जाणार ना? त्यातले फोटो, बँकेचे कागद?

ठाणेकर: बाप रे. फॉरमॅट करायला गेलो होतो पण तेव्हा ती कॉम्प्युटरला दिसतच नव्हती.

सोल्डरगन: पुसतात हो कंपनीवाले.

कोर्टकचेरी: पुसली असं लेखी मागा. आजच मेल टाका, जुनीचा सीरियल नंबर घालून.