मदत हवी आहे: स्टोनवेअरच्या ट्रेचा चिकटपणा आणि खवट वास कसा घालवू?

नमस्कार मंडळी,

जाऊबाई अमेरिकेतून कायमच्या पुण्याला आल्या, त्यांच्या सामानातला स्टोनवेअरचा बेकिंग ट्रे माझ्याकडे आलाय. ग्लेझ नसलेला, नुसत्या भाजलेल्या मातीचा. माझ्या ओटीजीत जेमतेम मावतो. वापरून वापरून मधोमध काळपट तपकिरी आणि तुकतुकीत झालाय. नानकटाई हात लावला की सुटून येते, बटर पेपर लागत नाही.

पावसाळ्यात तो कपाटात पडून होता. आता काढला तर चारही कोपरे गुळाच्या पाकासारखे बोटाला ओढतात आणि खवट वास येतो. मधला भाग मात्र कोरडा, छान आहे.

साबण लावायचा नाही हे माहीत आहे, कारण माती साबणाचं पाणी पिते आणि पुढच्या घाण्याला ती चव उतरते. म्हणून मावशींच्या हाती हा ट्रे देतच नाही (त्यांच्या तारेच्या घासणीतून माझा बिडाचा तवासुद्धा सुटलेला नाही). गरम पाणी आणि लाकडी उलथनं, एवढंच माझं घासणं.

सासूबाई म्हणतात राखेने घास, बहीण म्हणते खायचा सोडा लाव, शेजारीण म्हणते गॅसवर उलटा धर. काळा थर न जाता फक्त चिकटा कसा काढू?

प्रतिसाद:
ताई, गॅसवर अजिबात नको. एकाच जागी आच लागली की ट्रे तडकलाच म्हणून समजा.

तो चिकटा म्हणजे अर्धवट भाजलेलं तेल. पातळ थर नीट तापला की कडक होतो, तोच तुमचा मधला काळा भाग. कोपऱ्यांत तेल-तूप साचून जाड राहतं, शिवाय तूप तेलासारखं कडक होत नाही. नानकटाईच्या मंद आचेवर ते तसंच राहणार.

सोडा थोड्या पाण्यात कालवून फक्त कोपऱ्यांना लावा, पंधरा-वीस मिनिटांनी काथ्याने घासा, गरम पाण्याने धुवा. राखेची गरज नाही. मग ट्रे उभा करून पंख्याखाली दोन दिवस तरी वाळवा. सध्याच्या हवेत तीनही लागतील. ही पायरी टाळू नका, आत मुरलेल्या पाण्याची वाफ झाली की माती फुटते. वाळल्यावर गार ओटीजीतच ठेवा, आधी 100 वर अर्धा तास, मग वाढवत 220 वर तासभर, रिकामाच. थोडा धूर येईल, खिडक्या उघड्या ठेवा. वासही याच्यातच जाईल. नंतर दार न उघडता आतच गार होऊ द्या.

पुढच्या वेळी ब्रशने तेल लावलंत तर कोपरे कोरड्या फडक्याने पुसून घ्या. आणि ट्रेच्या बुडावर कमाल तापमान लिहिलंय का ते आधी बघा.

धागाकर्ती:
बुडावर 450 लिहिलंय! माझा ओटीजी 250 पर्यंतच जातो.

प्रतिसाद:
ते फॅरनहाइट. सेल्सिअसमध्ये साधारण 232. म्हणजे 220 चालेल, 250 वर नेऊ नका.

धागाकर्ती:
बरं झालं विचारलं, मी काटा शेवटपर्यंत फिरवणार होते. आज सोडा लावते. पण वाळवायचा कुठे, बाल्कनीत तर आठवड्याचे कपडेच वाळत नाहीयेत.