मदत हवी आहे: ‘बिग बॉय’चा आवाज रेकॉर्ड कसा करायचा?

युनियन पॅसिफिक या अमेरिकन रेल्वे कंपनीचं ४०१४ बिग बॉय हे वाफेचं इंजिन पुन्हा दौऱ्यावर निघालं की वायोमिंगमध्ये रुळांच्या कडेला थांबून बघायचा बेत आहे. फोटो सगळेच काढतात, मला आवाज हवाय. या इंजिनाला चाकांचे दोन स्वतंत्र संच आहेत, प्रत्येकी आठ चालक चाकांचे. त्यामुळे वाफेचे ठोके कधी जुळतात, कधी मागेपुढे होतात. नेमकं तेच पकडायचंय!

रेल्वे कंपनी रुळांपासून किमान २५ फूट लांब राहायला सांगते, ते पाळणारच. पण तिथला वारा भयंकर. माइकला केसाळ कव्हर पुरेल का? शिट्टीला आवाज फाटू नये म्हणून लेव्हल किती खाली ठेवावी? आणि चढावर उभं राहणं बरं ना? सपाटीवर ते फारसं धापा टाकत नसावं. मागे डिझेल इंजिन जोडलेलं असेल तर त्याची घरघर कशी टाळता?